संकेतस्थळाची खरी परीक्षा ग्राहकाच्या हाती

भिलाई इस्पात कारखान्यात तयार होणारा रूळ तपासणीत उत्तीर्ण झाल्याखेरीज रेल्वेमार्गावर जात नाही. बँकेचे नवे संकेतस्थळ मात्र तांत्रिक चाचण्या आटोपताच ग्राहकांपुढे ठेवले जाण्याचा संभव असतो. पान उघडते, हिशेब बरोबर येतो, माहिती सुरक्षित राहते, एवढी खात्री या चाचण्या देतात. पण ग्राहकाला आपले काम कोणाच्या मदतीवाचून पुरे करता येते का? या प्रश्नाचे उत्तर मिळविण्याची पद्धत म्हणजे ‘वापरसुलभता चाचणी’. प्रस्तुत लेखात तिची ओळख करून घेऊ.

मत नको, कृती पाहा

‘संकेतस्थळ कसे वाटले?’ असे विचारले, तर सौजन्यापोटी ‘छान आहे’ असेच उत्तर बहुधा मिळते. म्हणून या चाचणीत ग्राहकाला मत विचारत नाहीत. एक नेमके काम करावयास देतात आणि तो कोठे थांबतो, काय शोधतो, कोठून मागे फिरतो, याची शांतपणे नोंद घेतात. काम करीत असताना मनात येईल ते मोठ्याने बोलण्याची विनंती त्याला केलेली असते. त्यामुळे अडचणीचे स्थळ कळते, तसे तिचे कारणही कळते.

रुआबांध्याचे उदाहरण

समजा, भिलाईच्या रुआबांधा सेक्टरमध्ये अशी चाचणी घ्यावयाची आहे. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या राज्यातून चाले. पुढे कारखान्यामुळे देशाच्या अनेक भागांतील माणसे येथे आली. येथील मराठी कुटुंबांत घरी मराठी, तर बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी चालते. अशा घरातील एका सेवानिवृत्त ग्राहकाला काम दिले : ‘आपल्या पश्चात बँकेने या ठेवीची रक्कम पत्नीच्या हाती द्यावी, अशी नोंद करा.’

संकेतस्थळाच्या मराठी पानावर शब्द आहेत ‘मुदत ठेव’ आणि ‘नामनिर्देशन’. ग्राहकाने वर्षानुवर्षे हिंदी अर्जांवर ‘सावधि जमा’ आणि ‘नामांकन’ वाचलेले, बोलण्यात ‘नॉमिनी’, मनात मात्र ‘वारस’. तो पानावर ‘वारस’ शोधत राहील आणि अखेर शाखेची वाट धरील. पुण्यामुंबईच्या कार्यालयात बसून पान तयार करणाऱ्याला ही अडचण सुचणे कठीण आहे.

मग ‘नामनिर्देशन’ काढून ‘वारस’ लिहावे काय? नाही. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते. तेवढ्याने कायदेशीर वारसांचा हक्क संपुष्टात येत नाही. सोपा शब्द येथे चुकीचा ठरेल. तेव्हा ‘नामनिर्देशन’ या शब्दाजवळच ‘नॉमिनी’ हा परिचित शब्द द्यावा, खाली एका वाक्यात अर्थ सांगावा आणि पुन्हा चाचणी घ्यावी. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यासाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते व प्रत्येकाचा हिस्साही नमूद करता येतो. अर्ज असा विस्तारला की गोंधळाच्या जागाही वाढतात.

किती ग्राहक पुरेत?

या विषयाचे अभ्यासक जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एका वापरकर्त्याच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष उघड होतात, तर पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के. पुढील प्रत्येक व्यक्ती बहुतांशी तेच दोष पुन्हा दाखविते. म्हणून एकदम पंधरा जणांना बसविण्यापेक्षा पाच जणांची चाचणी, मग दुरुस्ती, मग नव्या पाच जणांची चाचणी, असे तीन फेरे घेणे श्रेयस्कर, असा सल्ला नील्सन यांनी २००० साली दिला. मात्र निवृत्तिवेतनधारक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या सवयी भिन्न असल्याने प्रत्येक गटातील व्यक्ती स्वतंत्रपणे निवडाव्यात.

चाचणी घेताना

१. ‘परीक्षा संकेतस्थळाची आहे, आपली नाही’, हे आरंभीच सांगावे.

२. कामाच्या वर्णनात पानावरील शब्द वापरू नयेत. अन्यथा उत्तर आपणच दिल्यासारखे होते.

३. चाचणीसाठी काल्पनिक खाते वापरावे. ग्राहकाचा खरा पासवर्ड वा ओटीपी कदापि मागू नये.

४. ग्राहक अडखळला तरी लगेच मदत करू नये. घरी तो एकटाच असणार आहे.

५. ग्राहकाच्या नेहमीच्या मोबाइलवरच चाचणी घ्यावी. कार्यालयातील मोठ्या पडद्यावर अक्षर लहान असल्याचे लक्षात येत नाही.

कोणालाही वगळू नये

ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून यांना २०२३ मध्ये बँकेत खाते उघडताना अडचण आली. ग्राहक प्रत्यक्ष समोर आहे याची खूण म्हणून डिजिटल केवायसीत डोळ्यांची उघडझाप अपेक्षित होती आणि नेमके तेच त्यांना शक्य नव्हते. यंत्रणा बिघडलेली नव्हती. पापणी मिटू न शकणाऱ्या माणसाचा विचारच तिच्या रचनेत झालेला नव्हता. त्यांच्या याचिकेवर ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. उघडझापीला पर्याय देण्याचे, तसेच सुगम्यतेची नियतकालिक तपासणी करण्याचे निर्देश दिले. ॲप वा संकेतस्थळ घडविताना दृष्टिहीन व्यक्तींना चाचणीत सहभागी करून घेता येईल, असेही त्यात नमूद आहे.

समारोप

‘मला हे संगणकाचे काही जमत नाही’, असे म्हणत ग्राहक शाखेत येतो, तेव्हा तो दोष स्वतःकडे घेत असतो. कर्मचारी बंधु-भगिनींनी त्याचे काम अवश्य करून द्यावे; पण तो नेमका कोणत्या पानावर, कोणत्या शब्दाशी थांबला, हे विचारून त्याची नोंदही करावी. ग्राहकांनीही असे प्रसंग संकोच न बाळगता कळवावेत. अडलेल्या एका ग्राहकाची नोंद संबंधित विभागापर्यंत पोहोचली, तर त्याच ठिकाणी अडणाऱ्या अनेकांची वाट मोकळी होऊ शकते.