नळीवरचा मुकुट : एका ऐतिहासिक साधनाचे वाचन

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कागद उभा राहतो. पण वस्तू हीसुद्धा साधनच असते, आणि कागदाप्रमाणे तिचीही कसून चिकित्सा करावी लागते. ती कशी करावी, हे जर्मनीतील जुन्या नेमबाजीच्या रायफलीवरून चांगले समजते. ही रायफल कोणाची आणि केव्हाची, हा प्रश्न वरवर छंदिष्टाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधण्याची रीत मात्र अस्सल इतिहासाची आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. जर्मन गावांतून नेमबाजांची मंडळे मध्ययुगापासून होती. वार्षिक उत्सवात जिंकणारा नेमबाज त्या वर्षापुरता ‘राजा’ म्हणून मिरवे. वेबरचा ‘डेर फ्रायशुट्स’ हा १८२१ चा प्रसिद्ध ऑपेरा नेमबाजीच्या अशाच एका पैजेभोवती गुंफलेला आहे. १८६१ साली गोथा येथे या मंडळांचा जर्मन संघ स्थापन झाला. जर्मनीचे राजकीय एकीकरण झाले १८७१ साली. म्हणजे नेमबाज राज्यकर्त्यांच्या दहा वर्षे आधी एकत्र आले होते!

या खेळासाठी घडवलेली रायफल पाहताक्षणी ओळखू येते. ती वजनदार असते आणि एका वेळी एकच काडतूस घेते. दस्त्याला गाल टेकण्यासाठी मोठा फुगवटा असतो, खांद्याशी आकड्यासारखी वळलेली धातूची पट्टी असते. बारीक छिद्रातून नेम धरण्याची सोय असते. पुष्कळदा दोन चाप असतात : एक दाबून ठेवला की दुसरा नुसत्या स्पर्शाने सुटतो. ही झाली ओळख. कालनिर्णय मात्र अवघड, कारण ही घडण अनेक दशके फारशी बदलली नाही.

मग नावे वाचावीत. येथे पहिला सापळा आहे. नळीवर ‘क्रुप’ असे कोरलेले दिसले की रायफल क्रुपने बनवली असे नवशिक्याला वाटते. वास्तविक ते नळीच्या पोलादाचे नाव असते. दुसरे एखादे नाव कारागिराचे नसून विक्रेत्याचे असू शकते. गावाचे नाव त्याहून उपयोगी. थुरिंगियातील त्सेला सांक्ट ब्लासी आणि मेलिस ही शेजारशेजारची गावे १९१९ साली एक होऊन त्सेला-मेलिस झाली. तेव्हा जोडनाव असेल तर कोरीव लेख १९१९ च्या आधीचा असणे कठीण.

संक्षेपही बोलके असतात. ‘डी. आर. पी.’ म्हणजे जर्मन साम्राज्याचे पेटंट. तो कायदा १८७७ चा. ‘डी. आर. जी. एम.’ ही लहान सुधारणांची नोंदणी १८९१ मध्ये सुरू झाली.

सर्वांत भरवशाचा पुरावा नळीच्या खालच्या अंगाला, लाकडाआड दडलेला असतो. १८९१ च्या कायद्याने प्रत्येक बंदुकीची सरकारी चाचणी सक्तीची केली आणि १ एप्रिल १८९३ पासून तो अमलात आला. चाचणी झालेल्या नळीवर मुकुट आणि त्याखाली अक्षर उमटवीत : ‘बी’ म्हणजे बार उडवून चाचणी झाली, ‘यू’ म्हणजे तपासणी झाली, ‘जी’ म्हणजे नळीला आतून पेचदार आटे आहेत. कायद्याआधीच्या शिल्लक मालावर मुकुटाखाली ‘व्ही’ असे. शेजारी १७२,२८ यासारखा आकडा दिसतो. तो अनुक्रमांक नव्हे. त्या नळीच्या मापाच्या किती गोळ्या एक पौंड शिशात होतील, याची ती संख्या आहे. १७२,२८ म्हणजे सुमारे ७.६२ मिलिमीटर. १९१२ च्या सुमारास ही पद्धत जाऊन माप मिलिमीटरमध्ये लिहू लागले.

आता दुसरा आणि मोठा सापळा. मुकुट दिसला म्हणजे रायफल कैसरच्या काळातली, असे अनुमान स्वाभाविक वाटते, पण ते चूक आहे. कैसर नोव्हेंबर १९१८ मध्ये पदच्युत झाला. चाचणीचा कायदा मात्र तोच राहिला. मुकुटाच्या जागी गरुड आला तो १९४० साली. म्हणजे राजा गेल्यावरही वीस वर्षे मुकुट पोलादावर उमटतच होता. राज्ये बदलतात, शिक्के त्याच वेगाने बदलत नाहीत, हा धडा केवळ बंदुकीपुरता नाही.

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, रायफलीची यंत्रणा आयट पद्धतीची, म्हणजे १८८४ नंतरची आहे. नळीवर ‘त्सेला सांक्ट ब्लासी’ कोरले आहे. खाली मुकुटासह बी, यू, जी आणि १७२,२८ आहे, पण ‘व्ही’ नाही. निष्कर्ष : १८९३ ते सुमारे १९१२. ती १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धकाळातली असल्याचे कोणी कितीही खात्रीने सांगितले, तरी तो दावा येथे टिकत नाही. आणखी एक पथ्य पाळावे. शिक्का नळीचे वय सांगतो, दस्त्याचे नव्हे. नळी मागाहून बदललेलीही असू शकते.

एवढा खटाटोप का? १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य थुरिंगियात शिरले. नागरिकांना शस्त्रे जमा करावी लागली आणि अशा कित्येक रायफली सैनिकांबरोबर समुद्रापार गेल्या. मालकाचे नाव, मंडळाची वही, बक्षिसाची हकीकत, सारे मागे राहिले. आज त्या रायफलीचा एकमेव साक्षीदार म्हणजे तिच्यावरच्या खुणा. हौसेने नळी घासून चकचकीत करणारा माणूस ती शेवटची साक्षही पुसून टाकतो. आपल्या घरातील जुन्या वस्तूवर लिंबू-राख घेऊन बसण्यापूर्वी आपणही हे आठवावे.