शाळा विचारू नका, तुकडी विचारा

मार्च उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या हातात वही असते. यंदाच्या अशाच एका वहीबद्दल सांगतो. वही एका आईची होती. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला, आता त्याला तालुक्याच्या मोठ्या हायस्कुलात आठवीत घालायचं. हायस्कूल अनुदानित, पाचवी ते बारावी, सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशनं, पटावर तीन हजारांच्या घरात मुलं. बाईंनी महिनाभर दळणाच्या गिरणीपासून बचत गटाच्या बैठकीपर्यंत जिथे सापडेल तिथे चौकशी केली होती. वहीच्या डाव्या पानावर चांगलं, उजव्या पानावर वाईट. डावीकडे ‘शिस्त कडक’, उजवीकडे ‘शिस्तीच्या नावानं बोंब’. डावीकडे ‘गणिताचे सर एक नंबर’, उजवीकडे ‘गणित शिकवतच नाहीत, क्लास लावावाच लागतो’.

“सर, ही शाळा एकच आहे ना?” त्यांनी विचारलं.

शाळा एकच होती, आणि दोन्ही पानं खरी होती. बाईंनी एक गोष्ट मात्र लिहून घेतली नव्हती. मत देणाऱ्याचं मूल कोणत्या तुकडीत होतं?

चाळीस मुलांच्या शाळेबद्दल लोक जे बोलतात ते त्या शाळेबद्दल असतं. तीन हजारांच्या शाळेचं तसं नाही. तिथे एकेका इयत्तेला सहा-सात तुकड्या. बऱ्याच ठिकाणी अ आणि ब सेमी इंग्रजीच्या, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, आणि क पासून पुढे मराठी माध्यमाच्या. काही शाळा तुकड्या गुणांवर लावतात, काही चिठ्ठ्या टाकतात, काही ‘आधी येईल त्याला आधी’ असं करतात. अ तुकडीत डॉक्टर, शिक्षक, तहसील कचेरीतल्या साहेबांची मुलं कशी काय गोळा होतात, हे कोणी लेखी सांगत नाही. मग ‘शाळा फार छान’ म्हणणारे वकील आणि ‘पोरगं नुसतं फिरून येतं’ म्हणणारे रिक्षावाले काका, दोघंही आपापल्या तुकडीबद्दल बोलत असतात आणि ऐकणारा त्यांची सरासरी काढत बसतो. ती सरासरी शाळेतल्या कोणत्याच वर्गात भेटत नाही.

बाई गेल्यावर मी एक दिवस त्या हायस्कुलाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. वेळ अधिवेशन बदलण्याची, दुपारी बाराच्या सुमाराची. सकाळची मुलं बाहेर पडतायत, दुपारची आत शिरतायत, मध्ये सायकलींचा गुंता आणि शिपाईमामांची शिट्टी. नववीच्या दोघा मुलांना थांबवलं. ‘शाळा कशी आहे?’ असं विचारलं तर मुलं ‘मस्त’ म्हणतात किंवा ‘बोअर’ म्हणतात. तो प्रश्नच वाया जातो. मी विचारलं, काल विज्ञानाच्या तासाला काय झालं?

एक म्हणाला, “लिटमसचं केलं. मला निळा कागद मिळाला होता.” त्यानं बोट दाखवलं, जणू रंग अजून लागलेला आहे. दुसरा जरा थांबून म्हणाला, “आम्हाला ऑफ तास होता. सर इलेक्शनच्या कामाला गेलेत. प्रश्नोत्तरं फळ्यावर होती, ती उतरवली.” पहिला ब चा, दुसरा फ चा. एकाच इमारतीत, एकाच जिन्यानं चढणारे.

मी दोघांना आणखी एक विचारलं. तुझ्या वर्गशिक्षकांना तुझं नाव ठाऊक आहे का? ब वाला हसला, हे काय विचारणं झालं! फ वाला म्हणाला, “हजेरी नंबर ठाऊक आहे. त्रेपन्न.” त्याच्या वर्गात 68 मुलं होती. शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, पण नावाजलेल्या अनुदानित शाळेत 60-70 ची तुकडी पाहून कोणाचा चेहराही बदलत नाही. कारणही साधं आहे. दरवर्षी संचमान्यता होते, पटसंख्येवर शिक्षकांची पदं ठरतात, पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे दारात आलेल्या मुलाला नाही म्हणणं कोणत्याच मुख्याध्यापकाला परवडत नाही. ह्यात त्यांचा दोष मी धरत नाही.

आता पालकांच्या मतांकडे येतो, कारण ती जास्त फसवतात. पालकांचं मत घडतं फ्लेक्सवर. दहावीच्या निकालानंतर चौकात लागतो तो, दहा-बारा गोल फोटो आणि प्रत्येकाखाली टक्के. हा फ्लेक्स वाचायलाही थोडं गणित लागतं. दहावीची परीक्षा 600 गुणांची, पण टक्केवारी निघते ती सर्वांत चांगल्या पाच विषयांची, 500 पैकी. त्यात खेळाचे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण मिळतात. शंभर टक्के मिळालेली मुलं दिसतात त्यामागे हे आहे. मुलांची मेहनत खोटी नाही, पण फोटोतली दहा मुलं पाचशेतली की पन्नासातली, हे फ्लेक्सवर कुठेच नसतं. पाचशे मुलांना परीक्षेला बसवून 92 टक्के निकाल लावणारी शाळा मला चाळीस मुलांच्या शंभर टक्क्यांपेक्षा अधिक काम करणारी वाटते. चौकात मात्र बॅनर लागतो शंभराचाच.

त्या शंभराबद्दल एक कडू गोष्ट. काही शाळांमध्ये नववीत कच्च्या निघालेल्या मुलाच्या पालकांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं जातं की ‘सतरा नंबर’ भरा. म्हणजे 17 नंबरचा अर्ज भरून मुलानं खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचं. शाळा मध्येच सुटलेल्या मुलांसाठी, कामाला लागलेल्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. निकाल चकचकीत ठेवण्यासाठी ती वापरली की मूल शाळेच्या आकडेवारीतून गायब होतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला असंच काढलं. त्याची आई दोन वर्षं लोकांना सांगायची, ‘तब्येतीमुळे बाहेरून बसवलं’. म्हणून मी पालकांना दहावीचा निकाल विचारायला सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती आणि यंदा दहावीला किती बसली, एवढं विचारा. दाखला काढून गेलेली, गाव बदललेली मुलं वजा जातीलच. तरीही फरक फार मोठा असला तर मुख्याध्यापकांच्या तोंडाकडे बघत थोडा वेळ गप्प बसा. उत्तर मिळतं.

करिअरच्या दृष्टीनं मोठी शाळा वाईट का? उलट आहे. छोट्या खासगी शाळेत नसलेल्या कितीतरी गोष्टी तिथे असतात. एनसीसीची ज्युनियर तुकडी, स्काउट-गाइड, मैदान, क्रीडाशिक्षक, जुनी का होईना पण खरी प्रयोगशाळा, संस्कृत निवडण्याची मुभा, काही ठिकाणी दहावीपर्यंत ऑटोमोबाइल किंवा आयटीसारखा व्यवसाय विषय. पैशाच्या बाजूनंही. एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, आठवीत असताना परीक्षा द्यायची. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, चार वर्षांचे 48,000. ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत फी भरून घातलेलं मूल बसूच शकत नाही. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात सूट आहे. वहीवाल्या बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या महिनाभराच्या चौकशीत एकानंही सांगितलं नव्हतं, कारण विचारणारे सगळे शिस्त आणि निकालाबद्दल विचारतात.

चित्रकलेचंही तसंच. एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट ह्या कला संचालनालयाच्या परीक्षा. लोक त्या दहावीच्या वाढीव गुणांसाठी देतात. पण पुढे उपयोजित कला, आर्किटेक्चर, इंटिरिअर, ॲनिमेशन यांपैकी कशाचा विचार करणाऱ्या मुलाला आपला हात खरंच चालतो का, हे कळण्याची ही पहिली स्वस्त संधी. हजारो रुपये मोजून अभिरुची चाचणी करून घेण्याआधी मुलाला स्थिरचित्राच्या पेपरला अडीच-तीन तास बसवून बघा.

पण पुन्हा तुकडी आडवी येते. मोठ्या शाळेत सगळं असतं आणि सगळ्यांपर्यंत पोचत नाही. त्याच हायस्कुलाच्या दुपार अधिवेशनातली एक मुलगी मला भेटली होती, तेव्हा ती दहावीत होती. हुशार, वडील सेंट्रिंगच्या कामावर, उत्पन्नाच्या अटीत सहज बसणारं घर. आठवीत असताना एनएमएमएसची सूचना सकाळच्या परिपाठाला वाचली गेली. दुपारच्या वर्गांना ती चिकटवली सूचनाफलकावर, सायकल स्टँडच्या बाजूला, खोखोच्या संघनिवडीच्या कागदाखाली. तिला कळलं ते नववीत, मैत्रिणीच्या खात्यात पैसे आले तेव्हा. शाळेबद्दल तिचं मत विचारलं तर ती म्हणाली, “शाळा चांगली आहे, सर. फक्त आम्हाला उशिरा कळतं.” एवढं नेमकं मत मी कुठल्याही पालकसभेत ऐकलेलं नाही.

म्हणून चौकशी कोणाकडे करायची? शेवटच्या तुकडीतल्या नववीच्या मुलांकडे. दहावीतली अभ्यासाच्या दडपणात असतात, आठवीतली नवखी. शाळा सोडून दोन-तीन वर्षं झालेल्यांकडेही जा, कारण जे सर तेव्हा ‘खडूस’ होते त्यांच्याबद्दल मुलं आता काय म्हणतात ते ऐकण्यासारखं असतं. मुलींना बाजूला घेऊन आईनं विचारावं, स्वच्छतागृहात पाणी असतं का. हा प्रश्न करिअरचा नाही असं वाटेल. पण मधल्या सुट्टीत पाणी न पिणारी, महिन्यातले तीन-चार दिवस घरी राहणारी मुलगी त्या दिवसांतला बीजगणिताचा धडा कुठून भरून काढणार? इमारत, शिक्षकसंख्या, पट यांची कागदावरची माहिती यूडायसच्या संकेतस्थळावर शाळेच्या अकरा आकडी क्रमांकानं उघडून पाहता येते. शिक्षकांचा आकडा पटाशी ताडून बघा. नळाला पाणी येतं की नाही ते मात्र मुलीच सांगतील.

आणि काय विचारू नये? ‘वातावरण कसं आहे?’ हे अजिबात विचारू नका. वातावरण हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा ‘तिथे कोणाची मुलं येतात?’ हे सभ्यपणे विचारायला वापरतात. मोठ्या शाळेत सगळ्यांची मुलं येतात. माझ्या मते तीच तिची ताकद आहे. पुढे बँकेत, कारखान्यात, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात ज्या माणसांबरोबर काम करायचं ती त्याच बाकावर भेटलेली असतात. एवढं सांगूनही दोन पालक दरवर्षी म्हणतातच, ‘तरी पण सर…’

अकरावीचं थोडक्यात. 2025 पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आहेत. शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असेल तर त्याच शाळेतल्या मुलांसाठी इनहाउस कोट्याच्या 10 टक्के जागा असतात, आणि आठवीतच काही पालक तेवढ्यासाठी शाळा निवडतात. सातवीच्या मुलाची शाळा अकरावीच्या जागेवरून ठरवणं मला घाईचं वाटतं. दहावीनंतर तो पॉलिटेक्निकला जाईल, आयटीआयला जाईल, कॉमर्स घेईल. आज त्याला स्वतःलाही पत्ता नाही.

वहीवाल्या बाईंना मी एवढंच म्हटलं होतं की प्रवेश घ्या, पण तुकड्या कशा लावतात ते लेखी अर्ज देऊन विचारा. आणि पहिल्या पालकसभेला मुलाच्या वडिलांनाही न्या. शाळेत बाप दिसला की, खरं सांगायचं तर नको तेवढा, फरक पडतो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “सर, ई मिळाली. दुपारची.”

मी काही बोलणार तेवढ्यात त्याच पुढे म्हणाल्या, “वर्गात 64 आहेत. वर्गशिक्षिका चित्रकलेच्या आहेत, त्यांना भेटून आले. विज्ञानाला अजून कोणी नाही, पंधरा दिवसांनी परत विचारणार आहे. आणि तो सूचनाफलक सायकल स्टँडपाशी आहे ना, पोराला सांगितलंय, सायकल लावली की रोज वाचायचा. वरचा कागद उचलून.”