गोठलेल्या पाण्यावरची वाट

आपल्या गावाबाहेरचे तळे डोळ्यांसमोर आणा. म्हशी डुंबत आहेत. बाया धुणे धूत आहेत. पोरे काठावरून उड्या घेत आहेत. आता कोणी म्हणाले, "या तळ्यावरून चालत पलीकडे जा," तर आपण त्याला वेड्यात काढू. पाण्यावरून का कोणी चालते?

पण चालतात, बरं का! नुसते चालत नाहीत, पळतात. थंड देशांत हिवाळ्यात तळी, नद्या, कालवे गोठतात. पाण्यावर बर्फाचा जाड थर धरतो. मग तिथली माणसे पायांत विशेष बूट घालतात. त्या बुटांच्या तळाला पोलादाचे लांब, अरुंद पाते बसवलेले असते. या बुटांना स्केट म्हणतात. ते घालून माणूस बर्फावरून सुळकन घसरत जातो. फार जुन्या काळी लोखंडी पाती नव्हती. तेव्हा लोक जनावरांची हाडे घासून पायाला बांधत.

आपल्याकडे एवढी थंडी पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात कधी कधी दंव गोठते. गवतावर पांढरी साय धरते. लोक ते पाहायला जातात. पण तलाव काही गोठत नाही.

तुम्ही म्हणाल, "तळे गोठले तर खालचे मासे मरत असतील." नाही मरत. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तुपाचे पाहा. तूप अर्धे पातळ, अर्धे घट्ट असले तर घट्ट कणी कुठे बसते? तळाशी. बहुतेक पदार्थांचे असेच आहे. घट्ट झाले की ते जड होतात आणि खाली जातात. पाण्याची रीत मात्र उलटी. पाणी थंड होत जाते, तसे ते आधी जड होते. पण ४ अंशांपर्यंतच. त्याहून थंड झाले की ते पुन्हा हलके होऊ लागते. शून्य अंशाला त्याचा बर्फ होतो, आणि बर्फ तर पाण्यावर तरंगतो. म्हणून तळे वरून गोठते. बर्फ म्हणजे तळ्यावर घातलेली गोधडीच. खाली पाणी पाणीच राहते, आणि मासे जगतात.

ही गोधडी किती जाड आहे, यावर वर चालणाऱ्याचा जीव अवलंबून असतो. म्हणून ते आधी सांगतो.

बर्फ सगळा सारखा नसतो. काचेसारखा स्वच्छ बर्फ पक्का. त्यातून खालचे पाणी दिसते, म्हणून तो काळा दिसतो. पांढरा, दुधी बर्फ कच्चा. त्यात हिम आणि हवा मिसळलेली असते. तो तेवढाच जाड असला तरी तेवढे वजन पेलत नाही. आणि हिवाळा सरताना उन्हाने पोखरलेला बर्फ सर्वांत फसवा. तो दिसतो जाड, पण आतून भुसभुशीत झालेला असतो. चांगला काळा बर्फ असेल, तर एका माणसाला ४ इंच जाडी हवी, असा जाणत्यांचा सल्ला आहे.

एका ठिकाणी ४ इंच बर्फ मिळाला, म्हणून सगळीकडे तेवढाच असतो असे नाही. पुलाखाली तो पातळ असतो. ओढा तळ्याला मिळतो तिथे पातळ असतो. पाणी वाहते तिथे, तळाशी झरा असेल तिथे, काठच्या लव्हाळ्यांत, सगळीकडे तो दगा देतो.

स्वीडन देशात लोक तळ्यांवरून आणि समुद्राच्या गोठलेल्या खाड्यांवरून मैलोन्‌मैल जातात. ते हातात टोकदार लोखंडी काठी ठेवतात. ती पुढे आपटून बर्फ तपासतात. काठी आरपार गेली, की मागे फिरतात. कानही उघडे ठेवतात. बर्फ आवाज करतो! जाड बर्फाचा आवाज घोगरा, पातळ बर्फाचा आवाज बारीक. आवाज चढत चालला, की जाणता माणूस थांबतो. मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो ना, त्यातलेच हे.

एवढे करूनही कोणी बुडतो. मग काय करायचे?

गार पाण्यात पडल्याबरोबर श्वास अडकतो, धाप लागते. बहुतेक माणसे इथेच घाबरतात आणि पाणी पितात. पण ही धाप सुमारे एका मिनिटात कमी होते. तेवढा वेळ तोंड पाण्याबाहेर ठेवायचे. त्यानंतर हातपाय चालतात ते साधारण १० मिनिटे. तेवढ्यात बाहेर निघायचे. कोणत्या बाजूने? ज्या बाजूने आलो त्याच बाजूने. कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन पेललेले असते. पुढच्या बर्फाची खात्री नाही. कोपर बर्फावर टेकायचे, पाय मागे पोहल्यासारखे मारायचे आणि पोटावर सरकत वर यायचे. वर आलो तरी उभे राहायचे नाही. लोळत लांब जायचे.

बर्फ ओला आणि गुळगुळीत. हात धरायला काही नसते. म्हणून तिकडचे लोक गळ्यात दोन मुठी अडकवतात. मुठींना खिळ्यासारखी टोके असतात. ती बर्फात रोवून माणूस स्वतःला ओढून घेतो. वस्तू साधी, पण तिने किती तरी जीव वाचले आहेत. पाठीवरच्या पिशवीत कोरडे कपडे असतात, ते पाणी न शिरणाऱ्या थैलीत बांधलेले. थैलीत हवा राहते, त्यामुळे तीच तरंगायला मदत करते. शिवाय दोर असतो. आणि एकटे कोणी जात नाही.

वाचवायला जाणाऱ्याने धावत काठाशी जाऊ नये. एकाऐवजी दोघे पाण्यात जातात. आपल्याकडे विहिरीत असे किती वेळा झाले आहे! एक उतरला, तो वर येईना, म्हणून दुसरा उतरला. बर्फावर सपाट आडवे व्हायचे आणि लांबून काठी, दोर किंवा शिडी पुढे सरकवायची. अंगावरचा शेला फेकला तरी चालतो.

आता एका मोठ्या यात्रेची हकीकत ऐका.

नेदरलँड्स देशाच्या उत्तरेला फ्रिस्लंड नावाचा प्रांत आहे. मुलूख सपाट. गाई-म्हशींचा, म्हणजे गाईंचाच. म्हशी तिकडे फारशा नाहीत. जिकडे तिकडे कालवे आणि तळी. या प्रांतात अकरा जुनी शहरे आहेत. शहर म्हणायचे ते मानाने. त्यांतले स्लोटन तर आपल्या वाडीएवढे आहे. ही अकरा शहरे गोठलेल्या कालव्यांवरून एका दिवसात हिंडून यायची, अशी तिथली यात्रा आहे. अंतर जवळजवळ २०० किलोमीटर. मुंबईहून नाशिकला जायचे, त्याहूनही जास्त! पहाटे अंधारात निघायचे आणि मध्यरात्रीच्या आत परत यायचे. प्रत्येक शहरात कार्डावर शिक्का घ्यायचा. पूर्ण करणाऱ्याला एक लहानसे पदक मिळते. पुढे पळणारे शर्यतवाले वेगळे असतात. पण खरी गर्दी असते ती साध्या माणसांची.

ही यात्रा रीतसर १९०९ साली सुरू झाली. दर वर्षी ती होत नाही. वाटभर बर्फ १५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६ इंच जाड असल्याशिवाय संस्था परवानगी देत नाही. एका माणसाला ४ इंच पुरतात, मग ६ का? हजारो माणसे एकामागून एक जायची असतात, म्हणून. प्रत्येक भागासाठी एक जबाबदार माणूस नेमलेला असतो. तो आपल्या भागातला बर्फ मोजतो. एखाद्या ठिकाणी बर्फ कच्चा असला, तर लोक काठावर चढतात आणि अंथरलेल्या सतरंज्यांवरून स्केट घालूनच चालत पुढे जातात.

१९६३ सालची यात्रा तिथे अजून कोणी विसरलेले नाही. १८ जानेवारीचा दिवस. थंडी उणे १८ अंश. वर झोंबरा वारा आणि उडणारे हिम. बर्फाला भेगा, त्यांत पाती अडकून माणसे पडत होती. शर्यत रेनिअर पापिंग याने जिंकली. त्याला जवळजवळ ११ तास लागले. शर्यत सोडून नुसती यात्रा करायला ९ हजारांवर माणसे निघाली होती. त्यांतली किती पोचली असतील? ६९! बाकीच्यांनी वाटेत सोडले. आम्हांला वाटते, पोचलेल्यांइतकेच मागे फिरलेलेही शहाणे होते.

त्यानंतर २२ वर्षे तसा बर्फच धरला नाही. १९८५ साली धरला. त्या वर्षी आणि पुढच्या १९८६ साली शर्यत जिंकली एव्हर्ट व्हान बेंथेम याने. हा कोण? गाई राखून दुधाचा धंदा करणारा शेतकरी. १९८६ च्या यात्रेत त्या देशाचा राजपुत्रही होता, पण दुसऱ्याच नावाने. गर्दीत कोणी ओळखू नये म्हणून. १९९७ साली ४ जानेवारीला पुन्हा यात्रा झाली. तेव्हा जिंकला हेंक आंगेनेंट. तोही शेतकरीच, लहान लहान कोबीचे पीक घेणारा.

आपल्या देशातही हा खेळ आहे. लडाखात हिवाळ्यात तळी गोठतात. लेह शहरात अशा तळ्यांवर मुले-मुली काठ्या घेऊन बर्फावरची हॉकी खेळतात. २०२४ साली तिथे खेलो इंडियाचे हिवाळी खेळ झाले. झांस्कर नदी गोठली की तिथले लोक तिच्यावरून पायी ये-जा करीत आले आहेत. तेही हातातली काठी पुढे आपटत चालतात. स्वीडनचा माणूस आणि झांस्करचा माणूस एकमेकांना कधी भेटले नसतील, पण युक्ती तीच.

२०१२ च्या फेब्रुवारीत फ्रिस्लंडमध्ये पुन्हा कडक थंडी पडली. १५ वर्षांनी लोकांना आशा आली. स्केटना धार लावली गेली. बर्फावर हिम पडले, की खालचा बर्फ नीट वाढत नाही. कारण हिमही गोधडीच आहे. म्हणून लोक फावडी घेऊन कालव्यांवर गेले आणि हिम झाडू लागले. सारा देश संस्थेच्या तोंडाकडे पाहत होता. बर्फ मोजणाऱ्यांनी मोजला. बहुतेक वाट चांगली होती. पण दक्षिणेकडच्या भागात काही ठिकाणी जाडी भरेना. त्यांनी सांगितले, यात्रा होणार नाही. लोक हळहळले. काही रडलेसुद्धा असतील. पण निकाल कोणी मोडला नाही. मग पोराबाळांना घेऊन आपापल्या गावच्या तळ्यांवर, जिथे बर्फ पक्का होता तिथे, ते खेळायला गेले.

आता तिकडची थंडीही पूर्वीसारखी पडत नाही. १९९७ नंतर ती यात्रा निघालेली नाही. पण बर्फ मोजणारी माणसे आजही नेमलेली आहेत.