डोक्याचा मुका मार

सांगोल्याच्या आसपास खेड्यांत धाब्याची घरे अजून दिसतात. पोरे माळवदावर खेळतात. चिंचेवर चढतात. बापाच्या मोटारसायकलवर पुढे बसतात. पोरांचे पडणे-झडणे चालायचेच. गुडघा फुटला तर आपण धुऊन पुसून कामाला लागतो. पण डोके आपटले तर एवढ्यावर भागत नाही.

"रगत न्हाई, खोक न्हाई, मग काय झालंय त्याला?" असे आपण म्हणतो. पण भरलेली घागर आपटली, तर घागर फुटली नाही तरी आतले पाणी हिंदकळते. कवटीतल्या मेंदूचेही तसेच आहे. दणका बसला की तो आत हलतो. काही काळ त्याचे काम बिघडते. हाच मुका मार. त्यात पोर बेशुद्ध पडतेच असे नाही.

मुका मार कसा ओळखावा?

पोर गोंधळते. तेच तेच विचारते. कसे पडलो, हे त्याला आठवत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते. उजेड सोसत नाही. तान्हे मूल सारखे रडते, अंगावर पीत नाही. ही लक्षणे कधी लगेच दिसतात, तर कधी दुसऱ्या दिवशी.

काय करावे?

खेळ तिथेच थांबवावा. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला, तर जिवावर बेतू शकते. पोराला डॉक्टरांना दाखवावे. पहिले एक-दोन दिवस त्याला एकटे सोडू नये. "झोपू देऊ नका," असे जुनी माणसे सांगतात. पण पोर शुद्धीवर असेल, नीट बोलत असेल, तर झोपेने अपाय होत नाही. रात्री मधून मधून उठवून बघावे. आपल्या मनाने गोळी देऊ नये. ॲस्पिरिनसारख्या गोळीने आतला रक्तस्राव वाढू शकतो.

धोक्याच्या खुणा

पुन्हा पुन्हा ओकारी येणे. डोकेदुखी वाढत जाणे. झटके येणे. हाक मारून, हलवूनही जाग न येणे. बोलणे अडखळणे. हातापायातील बळ जाणे. एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे. नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणे.

यांतली एकही खूण दिसली, तर सकाळची वाट पाहू नये. 108 नंबर लावावा. 2014 सालापासून महाराष्ट्रात ही गाडी फुकट येते. सांगोल्याहून सोलापूरचे सिव्हिल हॉस्पिटल सुमारे 80 किलोमीटर आहे. म्हणून वेळ दवडू नये. बेशुद्ध पोराला पाणी पाजू नये, कांदा हुंगवू नये. मान हलू देऊ नये. ओकारी आली, तर डोके, मान व अंग एका रेषेत धरून कुशीवर वळवावे.

घरी आल्यावर

एक-दोन दिवस विसावा द्यावा. मग हळूहळू शाळेत पाठवावे. गुरुजींना सांगून ठेवावे. बहुतेक पोरे महिन्याभरात बरी होतात. कबड्डी, झाडावर चढणे हे मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

आपण पिकाची राखण रात्र रात्र करतो. पोरासाठी एक रात्र जागायला काय हरकत आहे?

प्रश्न
1. रक्त आले नाही तरी मार लागू शकतो, तो कसा?
2. धोक्याच्या चार खुणा सांगा.
3. बेशुद्ध पोराला पाणी का पाजू नये? आपसांत बोला.