खेळाच्या पडद्यासाठी हलकी लायब्ररी कशी पारखावी?

संगणकावरील खेळ बनविण्याचे काम मुरूड-श्रीवर्धनच्या मुलांना घरबसल्या शिकता येते. साधने फुकट मिळतात, पण चुकीचे साधन घेतले तर सहा महिन्यांची मेहनत वाया जाते. म्हणून मुलाला या धंद्यात घालणाऱ्या व्यापारी बंधूंनी थोडी माहिती ठेवावी.

खेळात बटणे, याद्या, गुणफलक दाखवावे लागतात. हे काम करणारा तयार संच म्हणजे जीयूआय लायब्ररी. कापडबाजारात 'हलका' म्हणजे कमी प्रतीचा माल. येथे मात्र हलकी म्हणजे जागा कमी घेणारी आणि दुसऱ्या संचांवर न विसंबणारी.

हिच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत लायब्ररी प्रत्येक बटणाची नोंद स्वतःजवळ ठेवते, जणू उधारीचे खाते. मग खेळातील आकडा आणि खात्यातील आकडा सतत जुळवावा लागतो. दुसरी पद्धत रोखीची. सेकंदाला साठ चित्रे निघत असतील तर साठही वेळा बटण नव्याने सांगायचे. आकडा एकाच ठिकाणी राहतो, म्हणून तफावत पडत नाही. 2014 मध्ये आलेली डिअर इमगुई, एकाच फाईलमध्ये मावणारी न्यूक्लिअर आणि रेलिबसोबत वापरली जाणारी रेगुई या दुसऱ्या पद्धतीच्या आहेत.

तिन्ही विनामूल्य आहेत व विक्रीच्या खेळातही चालतात. तरी परवान्याचा मजकूर वाचावा. डिअर इमगुईचा एमआयटी परवाना पैसे मागत नाही, पण हक्काची सूचना मालासोबत ठेवण्याची अट घालतो.

आता मुख्य कसोटी लिपीची. समजा, जंजिऱ्यावर खेळ करायचा आहे आणि पडद्यावर 'किल्ला' लिहायचे आहे. ऱ्हस्व इकार साठविताना 'क'च्या नंतर असतो, दिसताना आधी यावा लागतो. दोन 'ल' जोडावे लागतात. उर्दूत तर अक्षरे उजवीकडून डावीकडे, एकमेकांना जोडून येतात. ही जुळणी या तिन्ही लायब्रऱ्या स्वतः करीत नाहीत. त्यामुळे इकार चुकीच्या जागी पडतो, हलन्त उघडा दिसतो आणि उर्दू अक्षरे सुटी, उलट्या क्रमाने येतात.

जुळणीचे काम हार्फबझ नावाचा संच करतो. नाव फारसी आहे: 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाज' म्हणजे उघडे. मार्च 2023 मध्ये आलेल्या गोडो 4 मध्ये तो अंतर्भूत आहे. गोडो ही नुसती लायब्ररी नसून खेळ बनविण्याचा पूर्ण कारखाना आहे, म्हणून ती जड. परवाना मात्र एमआयटीच.

तेव्हा हिशेब सरळ आहे. बनविणाऱ्याच्या स्वतःच्या तपासणीसाठी खिडक्या हव्या असतील तर डिअर इमगुई उत्तम. इंग्रजी मजकुराच्या छोट्या खेळाला न्यूक्लिअर किंवा रेगुई पुरते. खेळणाऱ्याला मराठी-उर्दू वाचायला द्यायचे असेल तर गोडो घ्यावी, किंवा हार्फबझ वेगळा जोडण्याची तयारी ठेवावी.

ताका फाडण्यापूर्वी आपण नमुना धुऊन पाहतो. तसेच काम सुरू करण्यापूर्वी 'किल्ला' हा एक शब्द दोन्ही लिप्यांत पडद्यावर आणून पाहावा. अर्ध्या दिवसाचे हे काम पुढचे सहा महिने वाचवील.