लॅपटॉप बंद पडला, तर

आजचा धडा एका यंत्राचा आहे. हे यंत्र आपण रोज पाहतो. ग्रामपंचायतीत ते आहे. आपले सरकार सेवा केंद्रात ते आहे. बँकेत आहे, पोस्टात आहे. काही बचत गटांकडेही आहे. या यंत्राला लॅपटॉप म्हणतात. लॅपटॉप म्हणजे घडी घालता येणारा, मांडीवर मावणारा संगणक.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे आणि या यंत्राचे एक जुने नाते आहे. शहादा तालुक्यात टेंभली नावाचे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक या गावात दिले गेले. तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी टेंभलीला आले होते. बोटांचे ठसे घेतले, डोळ्यांचे चित्र घेतले, नाव-पत्ता लिहिला. हे सारे संगणकावरच झाले. त्यानंतर आपली बरीच कामे संगणकावर गेली. सातबारा, जातीचा दाखला, पगार, पेन्शन, पीक विमा, सगळे त्यातच.

म्हणून हे यंत्र बंद पडले की माणसाचे काम अडते. पाड्यावरची एक म्हातारी चार मैल डोंगर उतरून येते. तिला हयातीचा दाखला द्यायचा असतो. केंद्रावरचा मुलगा म्हणतो, "आजी, लॅपटॉप बंद आहे. उद्या या." तिची मजुरी बुडते, भाडे वाया जाते. पुष्कळ वेळा दोष अगदी लहान असतो. पाच मिनिटांत सापडला असता. पण तो शोधायचा कसा, हे कोणाला ठाऊक नसते.

ते आज शिकू या.

१. विहिरीवरच्या मोटारीची आठवण ठेवा

विहिरीवरची मोटार पाणी देईना, तर शहाणा शेतकरी काय करतो? तो लगेच मोटार उचलून दुकानात नेत नाही. आधी पाहतो, लाईट आहे का? मग पाहतो, फ्यूज ठीक आहे का? मग स्टार्टर. मग वायर. सगळे ठीक निघाले, तरच मोटारीला हात लावतो.

आणखी एक गोष्ट तो पाहतो. मोटार गप्प आहे, की आवाज करते पण पाणी येत नाही? गप्प असेल तर वीज पोहोचत नाही. आवाज करते, तर वीज आहे. खोट पाइपात किंवा फूटवॉलमध्ये आहे.

लॅपटॉपचेही तसेच आहे. त्याचे दोन आजार आहेत.

पहिला आजार : बटण दाबले तरी एकही दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज येत नाही. म्हणजे वीज आत जात नाही.

दुसरा आजार : दिवा लागतो, आतला पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. म्हणजे यंत्र जागे आहे. चित्र मात्र बाहेर येत नाही.

आधी कान लावून ऐका. नीट पाहा. आजार कोणता ते ठरवा. मगच पुढे जा.

२. पहिला आजार : यंत्र मुकाट आहे

भिंतीपासून सुरुवात करा. एक एक पायरी पुढे या. मधली पायरी सोडू नका.

पहिली पायरी, बोर्ड. त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावा. मोबाइल चार्ज होतो का? होत नसेल, तर दोष बोर्डाचा आहे. दुसऱ्या बोर्डात लावून पाहा.

दुसरी पायरी, वायर. चार्जरची वायर बहुधा दोन तुकड्यांची असते. मध्ये एक काळी डबी असते. भिंतीकडचा तुकडा डबीत सैल झालेला असतो, हे पुष्कळदा घडते. बोर्डाचे बटण बंद करा. तुकडा काढा आणि घट्ट बसवा. वायर कुठे उंदराने कुरतडली आहे का, तेही पाहा. आतली तार उघडी दिसली, तर तो चार्जर वापरू नका. चिकटपट्टी लावून काम भागवू नका.

तिसरी पायरी, डबी. काही डब्यांवर लहान दिवा असतो. तो दिवा लागतो का? डबीला जळका वास येतो का? आपल्या बोर्डात वीज २३० व्होल्ट असते. लॅपटॉपला इतकी वीज सोसत नाही. डबी ती उतरवून १९ किंवा २० व्होल्टच्या आसपास आणते. वीज खालीवर होते, तेव्हा पहिला मार या डबीला बसतो.

डबी बिघडली असे वाटले, तर शेजारच्या केंद्राचा चार्जर मागून लावून पाहा. पण थांबा! कोणताही चार्जर लावू नका. येथेच तुमचे वाचन कामाला येते. डबीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर दोन ओळी असतात. एक 'इनपुट', म्हणजे आत येणारी वीज. दुसरी 'आउटपुट', म्हणजे बाहेर जाणारी वीज. अक्षरे इंग्रजी असतात. शाळेत जाणाऱ्या मुलीला ती वाचायला सांगा. आकडे तुम्ही जुळवा. आउटपुटच्या ओळीत व्होल्टचा आकडा दोन्ही डब्यांवर सारखा हवा. अँपिअरचा आकडा सारखा किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. आकडा जुळला नाही, तर पिन बसली तरी चार्जर लावू नका.

चौथी पायरी, पिन. लॅपटॉपच्या ज्या भोकात पिन जाते, तेथे धूळ किंवा कचरा आहे का? पिन हलते का? पिन आत ढकलून जोर करू नका.

पाचवी पायरी, धीर. बॅटरी पार रिकामी झाली असेल, तर यंत्र लगेच उठत नाही. चार्जर लावून अर्धा तास तसेच ठेवा. मग बटण दाबा.

सहावी पायरी, साठलेली वीज काढणे. हा उपाय सोपा आहे आणि पुष्कळदा लागू पडतो. यंत्रात थोडी वीज अडकून राहते आणि यंत्र गोंधळते. ती काढून टाकावी लागते. असे करा :

चार्जर काढा. पेन ड्राइव्ह, माउस, प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र, जे जे जोडले आहे ते सारे काढा. खालची बॅटरी खटका सरकवून निघत असेल, तर काढा. निघत नसेल, तर राहू द्या. स्क्रू खोलू नका. आता सुरू करायचे बटण दाबून धरा. मनात सावकाश तीसपर्यंत मोजा. बटण सोडा. मग फक्त चार्जर लावा आणि बटण एकदा दाबा.

बॅटरी काढलेली असताना यंत्र सुरू झाले, तर समजा की बॅटरी थकली आहे. यंत्र चांगले आहे. नवे यंत्र घ्यायला नको, बॅटरी बदलली की भागेल.

३. दुसरा आजार : दिवा आहे, चित्र नाही

येथे मोटार चालू आहे, पाइपात खोट आहे. म्हणून पडद्याकडे पाहा.

पहिले, उजेड वाढवायचे बटण पाहा. त्यावर सूर्याचे चित्र असते. कोणाचा हात लागून उजेड अगदी कमी झालेला असतो.

दुसरे, 'कॅप्स लॉक' नावाचे बटण दाबा. बहुतेक यंत्रांत त्याचा लहान दिवा असतो. दाबल्यावर दिवा लागतो, पुन्हा दाबल्यावर विझतो, असे झाले तर यंत्र जिवंत आहे, काम करते आहे.

तिसरे, खोलीत अंधार करा. मोबाइलची बॅटरी लावून पडद्यावर तिरका प्रकाश टाका. फिकट चित्र दिसते का? दिसले, तर चित्र येत आहे. पडद्यामागचा उजेड तेवढा गेला आहे.

चौथे, गावात कोणाकडे टीव्ही असेल, तर एचडीएमआय तारेने लॅपटॉप त्याला जोडा. विंडोजचे बटण धरून 'पी' अक्षर दाबा. टीव्हीवर चित्र आले, तर यंत्र आणि आतली माहिती दोन्ही ठीक आहेत. दोष पडद्याचा किंवा त्याच्या तारेचा आहे. टीव्हीच्या आधाराने त्या दिवसाचे कामही उरकता येते.

सुरू करताना यंत्र पी-पी असा आवाज करते का? किती वेळा करते, ते मोजा आणि लिहून ठेवा. तो यंत्राचा निरोप असतो. कारागिराला त्यावरून दोष कळतो.

४. येथे हात लावू नका

यंत्रावर पाणी किंवा चहा सांडला असेल, तर चार्जर लगेच काढा. यंत्र बंद करा. ते सुरू करून पाहू नका. उन्हात वाळत घालू नका. कारागिराकडे न्या.

यंत्राचा तळ फुगला, बोटाने फिरवायची पाटी वर उचलली गेली, तर आतली बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. तिला आग लागू शकते. कडबा, कापूस, अंथरूण यांपासून ते यंत्र दूर ठेवा.

जळका वास आला, ठिणगी उडाली, तर बोर्डाचे बटण बंद करा आणि थांबा.

५. कारागिराकडे जाताना

एक चिठ्ठी लिहा. तुम्हाला आता लिहिता येते. दिवा लागतो की नाही, पंखा फिरतो की नाही, कोणकोणते उपाय केले, ते चार ओळींत लिहा. जो माणूस लिहून आणतो, त्याला "अख्खे यंत्रच गेले" असे सांगणे कठीण जाते.

खर्च आधी विचारा. पावती घ्या. पावतीवर यंत्राचा नंबर लिहून घ्या. आणि हे नक्की सांगा : "आम्हाला विचारल्याशिवाय आतली माहिती पुसू नका." पडदा काळा झाला म्हणजे माहिती गेली असे नाही. माहिती आत वेगळ्या भागात असते. बचत गटाचा हिशेब असेल, तर त्याची नक्कल पेन ड्राइव्हवर ठेवावी आणि वहीही सोडू नये.

६. रांगेत उभ्या असलेल्यांसाठी

केंद्राचा लॅपटॉप बंद पडला, तर तुमचा आधार क्रमांक पुसला जात नाही. ती माहिती आधार प्राधिकरणाकडे असते, त्या मुलाच्या यंत्रात नाही. नवी नोंदणी किंवा दुरुस्ती केली असेल, तर पावती मात्र जपून ठेवा. पावतीवर १४ आकडी नोंदणी क्रमांक, तारीख आणि वेळ असते. त्यावरून काम कुठे अडले ते शोधता येते.

"यंत्र बंद आहे, कोऱ्या कागदावर अंगठा देऊन जा, मग भरतो," असे कोणी म्हटले, तर देऊ नका. काम दुसऱ्या केंद्रावर होईल, एक दिवस उशिरा होईल. कोऱ्या कागदावर दिलेला अंगठा परत घेता येत नाही.

७. दुखण्यापेक्षा काळजी बरी

आपल्याकडे उन्हाळा कडक. यंत्र पत्र्याखाली तापत ठेवू नका. गोधडीवर ठेवू नका, त्याने हवा जायची भोके बंद होतात. मिरचीच्या पथारीजवळ, पिठाच्या गिरणीजवळ ठेवू नका. ती धूळ पंख्यात बसते. सातपुड्यात वीज कडाडू लागली की चार्जर बोर्डातून काढून ठेवा.

लक्षात ठेवा : आधी पाहा, मग ऐका, मग भिंतीपासून एक एक पायरी तपासा. पैसे शेवटी खर्च करा.

कठीण शब्द

व्होल्ट : विजेचा जोर मोजण्याचे माप.
अँपिअर : विजेचा प्रवाह मोजण्याचे माप.
हयातीचा दाखला : माणूस जिवंत आहे असे सांगणारा कागद.
नक्कल : हुबेहूब दुसरी प्रत.

प्रश्न

१. लॅपटॉपचे दोन आजार कोणते? ते कसे ओळखाल?
२. दुसऱ्याचा चार्जर लावण्याआधी कोणता आकडा जुळवाल?
३. यंत्राचा तळ फुगला, तर काय करू नये?
४. तुमच्या घरातल्या मोबाइल चार्जरवरची चिठ्ठी पाहा. त्यावरचे आकडे वहीत उतरवून आणा.
५. कारागिराला द्यायची चार ओळींची चिठ्ठी लिहा.