सही केली, म्हणजे हो म्हटलं?

पारनाक्याजवळ आमची सोसायटी. चार मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्यावर. तीन पावसाळे बेडरूममध्ये पंख्याखाली घमेलं ठेवून झोपले. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सगळ्यांचा होकार आणा, असं सेक्रेटरी म्हणाले आणि एक टाइप केलेला कागद हातात दिला. जिने चढून-उतरून तेरा सह्या आणल्या. वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

सभेत तळमजल्यावरचे काका उठले. "वहिनी, गळतंय तुमच्याकडे, पैसे आम्ही का भरायचे?" मी कागद पुढे केला. "काका, ही तुमचीच सही." त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, मथळ्यावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "सूचना मिळाली." खर्चाचा आकडा नाही, 'मान्य' हा शब्द नाही. बाकीचे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. याच काकांच्या संडासामागची ड्रेनेज लाइन तुंबली, तेव्हा आम्ही चौथ्या मजल्यावरून निमूट हिस्सा भरला होता!

मुळात दारोदार फिरायचंच नव्हतं. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी गळती आणि त्यानं खराब झालेलं वरच्या मजल्याचं प्लास्टर हा सोसायटीचाच खर्च. स्वतःचं बाथरूम, मोरी गळली तर तो आपला. एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागितलं की महिन्याभरात विशेष सर्वसाधारण सभा लावावीच लागते. सोळांत चार सह्या पुरल्या असत्या. भाडेकरूची सही धरत नाहीत. माझ्या तेरातल्या तीन तशाच फुकट गेल्या. विषयपत्रिकेवर कामाचं नाव आणि रक्कम स्पष्ट घाला. तीन कोटेशनं मागवा, पण कामाची यादी तिघांना एकच द्या. आणि हो, गोड बोला. मला ते जमलं नाही.

20 मे 2025 ला कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीचे स्लॅब कोसळून सहा जण गेले. त्या आठवड्यात आमच्याकडे जो तो स्ट्रक्चरल ऑडिटवर बोलत होता. मी तेव्हाच चार सह्यांचं पत्र दिलं आणि पोच घेतली. ठराव झाला, काका गैरहजर.

काम पाऊस संपल्यावर, गच्ची कोरडी झाल्यावरच काढलं. पाइपांची तोंडं बुजवून दोन दिवस पाणी कोंडून पाहिलं. शेवटचा हप्ता पहिला पाऊस होईपर्यंत हातात ठेवायचा, हेही ठरावातच लिहून घेतलं होतं.

एप्रिलमध्ये गच्चीवर गेले, तर नव्या कोब्यावर तळमजल्यावरच्या काकूंचे पापड वाळत होते.